भित्तिचित्राचे रेखाटन नव्हे, मुद्राचित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराचे ‘सापाता’ विक्रीस आल्याच्या बातमीत त्या कागदाला भित्तिचित्राचे कच्चे रेखाटन म्हटले आहे. क्रम उलटा आहे. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथील कोर्तेसच्या राजवाड्यात, पांढऱ्या घोड्याशेजारी उभा असलेला मेक्सिकन क्रांतीतला शेतकरी नेता एमिलियानो सापाता रिव्हेराने ओल्या गिलाव्यावर रंगवला तो १९३० मध्ये. कागदावरचा शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले मुद्राचित्र (लिथोग्राफ), १९३२ चा. त्याच्या १०० प्रती न्यूयॉर्कच्या वेही गॅलरीने प्रकाशित केल्या, छपाई जॉर्ज मिलर यांची. छापलेला भाग सुमारे ४१ × ३३ सेंमी. रेखाटन एकच असते, मुद्राचित्राच्या प्रती अनेक असतात. हा फरक बातमीत पुसला गेला की किमतीचा सगळा अंदाजच चुकतो.

मात्र ‘प्रती आहेत, म्हणजे नक्कल’ असेही कुणी समजू नये. आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्ये तैलचित्रावरून कुशल कारागीर एकेका रंगाचा दगड तयार करत. ‘सापाता’ची रेषा मुद्राचित्रासाठी खुद्द रिव्हेराने काढली आहे. शिळाछपाईत दगडावर स्निग्ध खडूने चित्र काढतात, त्यावर गोंद आणि अगदी थोडे नायट्रिक आम्ल यांचे मिश्रण फिरवतात, मग दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवतात. पाणी धरणारा भाग शाई घेत नाही, खडूचा भाग घेतो. म्हणून दहापट भिंगाखाली खडूचे ओबडधोबड, अनियमित कण दिसले पाहिजेत. एकसारख्या ओळीत बसलेले गोल ठिपके दिसले, तर ते पुस्तकातले किंवा पोस्टरचे पान आहे. त्यावर सही असली तरीही.

सही आणि प्रतीचा क्रमांक खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीने लिहिलेले असतात. जुन्या चौकटीत बसवण्यासाठी ही पट्टी कापली गेली असेल तर दोन्ही गेले, आणि भावही उतरला. त्यामुळे विक्रेत्याने पूर्ण कागदाचे माप दिले आहे का, हे आधी पाहावे. फक्त चित्राचे माप असेल तर कडांविषयी विचारलेच पाहिजे. मागच्या बाजूचा फोटो मागावा. चिकटपट्टीचे पिवळे डाग, पुठ्ठ्यावर पूर्ण डकवलेला कागद, आम्लयुक्त माउंटमुळे चित्राभोवती उमटलेली तपकिरी चौकट, दमटपणाचे लालसर ठिपके हे सगळे तिथेच कळते. ठिपके घालवायला कुणी ब्लीच केले असेल तर कागद मेल्यासारखा पांढरा पडतो. हे नुकसान भरून येत नाही, डाग परवडले.

चौकटीतून काढून अंधारात अतिनील टॉर्च मारावा. कागद निळसर पांढरा चमकला तर शंका घ्यावी, कारण कागदात चमक आणणारी रसायने १९५० च्या सुमारास वापरात आली. १९३२ च्या कागदात ती नसतात. कागद चमकला नाही म्हणजे प्रत खरी, असे मात्र नाही. जुना कोरा कागद मिळवणे बनावट माल करणाऱ्यांना अवघड नसते. म्हणून जुनी बिले, गॅलरीच्या चिठ्ठ्या, पूर्वीच्या विक्रीच्या नोंदी यांची साखळी हवी.

शेवटचा मुद्दा बातमीत आलाच नाही. मेक्सिकोने रिव्हेराच्या कलाकृतींना १९५९ मध्ये संरक्षण दिले. त्याच्याच पिढीतले भित्तिचित्रकार ओरोस्को आणि सिकेरोस यांपैकी ओरोस्कोच्या त्याच वर्षी, सिकेरोसच्या १९८० मध्ये त्यात आल्या. १९७२ च्या स्मारकविषयक कायद्यानुसार मेक्सिकोत असलेली अशी कलाकृती ललित कला संस्थेच्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये छापली जाऊन अमेरिकेतच राहिलेल्या प्रतीला ही अडचण नाही. त्यामुळे प्रत आज कोणत्या शहरात आहे आणि ती तिथे कधीपासून आहे, याचे लेखी उत्तर पैसे देण्यापूर्वीच घ्यावे.

– मुद्राचित्रांचा अभ्यास करणारे काही वाचक, पुणे