ब्रेट फार्व्हच्या अखेरच्या तीन वर्षांचा हिशेब

संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर, खेळाडूंनी थांबावे केव्हा, या विषयावरील लेख वाचला. त्यातील बहुतेक उदाहरणे क्रिकेटची होती आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु ओघात लेखकाने अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह याचे नाव घेतले आणि शेवटच्या तीन वर्षांत त्याने जन्मभराची कमाई धुळीला मिळवली, असा निकाल एका वाक्यात देऊन टाकला. मी २००६ ते २०११ या काळात नोकरीनिमित्त विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात राहत होतो. ज्या राज्याने फार्व्हला डोक्यावर घेतले आणि पुढे ज्या राज्याने त्याच्या नावाने बोटे मोडली, ते हेच; त्यामुळे हा निकाल वाचून गप्प बसवले नाही.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि अंगावर धावून येणाऱ्या सव्वाशे-सव्वाशे किलोच्या माणसांना चुकवत, दोन-तीन सेकंदांत, तो कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावे लागते. प्रतिस्पर्ध्याने ती फेक मध्येच झेलली तर तिला इंटरसेप्शन म्हणतात. आणि प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात साथीदाराने झेललेली फेक म्हणजे टचडाउन पास. फार्व्हच्या नावावर ५०८ टचडाउन पास आहेत आणि ३३६ इंटरसेप्शन. पहिला आकडा नंतरच्यांनी मागे टाकला. दुसरा विक्रम मात्र अद्याप कोणी मोडलेला नाही, आणि तो मोडण्याची कोणाला हौसही नसावी. हे दोन्ही आकडे एकाच स्वभावाची फळे आहेत. जिथे इतर जण चेंडू सुरक्षितपणे मैदानाबाहेर भिरकावून देत, तिथे हा माणूस तीन बचावपटूंच्या मधल्या फटीतून तो घुसवू पाहत असे. अटलांटा संघाकडून १९९१ मध्ये त्याने टाकलेला पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने पकडून थेट टचडाउनपर्यंत नेला होता. ग्रीन बे पॅकर्सकडे आल्यावर त्याचा पहिला पूर्ण झालेला पास कोणी झेलला, तर त्याने स्वतःच. चेंडू अडून परत आला, याने तो पकडला आणि संघाचे सात यार्ड गेले. त्यानंतर १९९५, १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ तीन वर्षे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला (तिसऱ्या वर्षी बॅरी सँडर्सबरोबर विभागून) आणि जानेवारी १९९७ मध्ये न्यू इंग्लंड संघाला ३५-२१ असे हरवून त्याने पॅकर्सना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

आता ज्या उत्तरार्धावर आक्षेप आहे, त्याकडे येतो. मार्च २००८ मध्ये फार्व्हने डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली आणि उन्हाळ्यात विचार बदलला. तोवर पॅकर्सनी तीन वर्षे बाकावर बसून वाट पाहणाऱ्या अ‍ॅरन रॉजर्सच्या हाती संघ सोपवला होता, म्हणून फार्व्हची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे झाली. तिथे एक हंगाम खेळून तो पुन्हा निवृत्त झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या पॅकर्सच्या हाडवैरी संघात दाखल झाला. या तळ्यात-मळ्यातने लोक वैतागले, यात नवल नाही. पॅकर्स हा कोणा धनाढ्य मालकाचा संघ नाही. जेमतेम लाखभर वस्तीच्या गावातला तो संघ १९२३ पासून भागधारक लोकांच्या मालकीचा आहे आणि त्याच्या समभागांवर लाभांश मिळत नाही. म्हणजे संघ खरोखर लोकांचा. त्यामुळे फार्व्हचे मिनेसोटाला जाणे हे तिथे घरातल्या माणसाने शेजारच्या भाऊबंदांशी हातमिळवणी करण्यासारखे झाले.

१ नोव्हेंबर २००९ रोजी तो व्हायकिंग्जच्या जांभळ्या पोशाखात ग्रीन बेच्या लँबो फील्डवर उतरला, तो सामना मी माझ्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये पाहिला. सत्तरी उलटलेले ते गृहस्थ पॅकर्सची, फार्व्हच्या ४ क्रमांकाची हिरवी जर्सी घालूनच बसले होते, फक्त पाठीवरच्या ४ वर त्यांनी नळ बांधताना वापरतात ती करडी चिकटपट्टी आडवी-उभी लावली होती. दूरचित्रवाणीवर स्टेडियम फार्व्हची हुर्यो उडवत होते आणि हेही त्यात सूर मिसळत होते. फार्व्हने त्या दिवशी चार टचडाउन पास दिले, व्हायकिंग्जनी ३८-२६ असा सामना जिंकला. चौथ्या पासनंतर म्हातारबोवांनी आवाज बंद केला आणि बराच वेळाने म्हणाले, “हे आमच्यासाठी फेकायचे होते रे त्याने.” मला त्या क्षणी कळले की लोकांचा राग फार्व्ह संपला म्हणून नव्हता, तो संपला नव्हता म्हणून होता. खरोखर थकलेल्या माणसाची कोणी हुर्यो उडवत नाही, त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवतात.

त्या हंगामात चाळिशीच्या फार्व्हने ३३ टचडाउन पास दिले आणि अवघी ७ इंटरसेप्शन. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत इतका काटेकोर हंगाम दुसरा नाही. याउलट त्याचा सर्वाधिक इंटरसेप्शनचा हंगाम शोधायचा तर २००५ कडे जावे लागते, जेव्हा त्याने २९ इंटरसेप्शन दिली आणि संघ सोळांपैकी बारा सामने हरला. तेव्हा अंगावर पॅकर्सचाच पोशाख होता, म्हणून कोणी वारसा काळवंडल्याची भाषा केली नाही.

२४ जानेवारी २०१० चा न्यू ऑर्लिन्सचा सामना हे या खटल्यातले मुख्य पुरावापत्र मानले जाते. सुपर बोलच्या दारातला तो सामना. गुणसंख्या २८-२८, घड्याळात १९ सेकंद, आणि लाथेने चेंडू मारून विजयी गुण मिळवू शकणाऱ्या किकरच्या टप्प्याच्या काठावर आलेला चेंडू, तोही संघातील एक खेळाडू जास्त उभा राहिल्याबद्दल नुकताच पाच यार्ड मागे ढकललेला. दिवसभर मार खाऊन फार्व्हचा घोटा सुजला होता. (न्यू ऑर्लिन्सच्या संघात प्रतिस्पर्ध्यांना जायबंदी केल्याबद्दल पैसे देण्याची पद्धत होती, असे पुढे लीगच्या चौकशीत निघाले आणि २०१२ चा पूर्ण हंगाम त्यांच्या प्रशिक्षकाला घरी बसावे लागले.) चार पावले धावून जमिनीवर बसता आले असते. त्याऐवजी तो उजवीकडे पळाला आणि शरीराच्या उलट दिशेला, मैदानाच्या मध्याकडे चेंडू फेकला. ट्रेसी पोर्टरने तो झेलला आणि जादा वेळेत व्हायकिंग्ज हरले. याला उतारवयाची चूक म्हणणारे विसरतात की, दोनच वर्षांपूर्वी, जानेवारी २००८ मध्ये, न्यूयॉर्क जायंट्स संघाविरुद्ध जादा वेळेत त्याने पॅकर्सकडून असाच पास फुकट घालवला होता, आणि पहिल्या पासाची कथा वर आलीच आहे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्या खोडीवर पंधरा वर्षे टाळ्या वाजवणाऱ्यांनी सोळाव्या वर्षी तिला म्हातारपण म्हणू नये.

२०१० चा हंगाम मात्र त्याने खेळायला नको होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ११ टचडाउन, १९ इंटरसेप्शन, हंगामाच्या मध्येच प्रशिक्षकाची हकालपट्टी, आणि डिसेंबरमध्ये सलग २९७ सामन्यांत सुरुवातीपासून उतरण्याची मालिका खंडित. मिनियापोलिसच्या गोठलेल्या मैदानावर शिकागोविरुद्ध डोके आदळून तो पडला, तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पण त्या वर्षी त्याला घरून उचलून आणायला तीन सहकारी मिसिसिपीला गेले होते, हे सांगितल्याशिवाय सारा दोष त्याच्या हव्यासावर टाकणे एकांगी आहे.

मैदानाबाहेरचा भाग वेगळा आणि तो मी झाकून ठेवू इच्छित नाही. जेट्सकडे असताना एका महिला कर्मचाऱ्याला पाठवल्याचा आरोप असलेल्या संदेशांच्या चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल लीगने त्याला २०१० मध्ये ५०,००० डॉलरचा दंड केला. मिसिसिपीत गरिबांसाठीच्या कल्याणनिधीतून त्याला ११ लाख डॉलर मिळाल्याचे राज्याच्या लेखापरीक्षकांनी उघड केले. मुद्दल त्याने परत केले, फौजदारी आरोप त्याच्यावर ठेवला गेला नाही, पण राज्याने दिवाणी दावा लावला. त्याच्या नावाला बट्टा लागला असेल तर तो येथे लागला आहे. आणि ही दुसरी गोष्ट निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी घडली. तो २००८ मध्येच शहाण्यासारखा घरी बसला असता, तरी ती टळली असती असे म्हणायला आधार नाही. माणसाच्या वर्तनाचा प्रश्न आणि खेळाडूच्या वयाचा प्रश्न एकाच पोत्यात भरल्यामुळे लेखकाची गल्लत झाली आहे.

विजय मर्चंट यांच्या नावाने सांगितले जाणारे सूत्र, लोक ‘का’ विचारतात तोवर थांबावे, ‘का नाही’ विचारेपर्यंत नव्हे, लेखात आले आहे. अखेरच्या कसोटीत १५४ धावा करणाऱ्या मर्चंट यांना ते शोभते. बंगळुरूत ९६ धावा करून थांबलेल्या गावसकरांनाही शोभते. पण या सूत्राने क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला मोजून पाहावे. नोव्हेंबर २०१५ मध्ये चार इंटरसेप्शन देऊन तो भर सामन्यात बाकावर बसवला गेला. सारी अमेरिका ‘का नाही’ विचारत होती, आणि तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तो सुपर बोल जिंकला आणि पुढच्या महिन्यात निवृत्त झाला. बाल्टिमोरचा जुना क्वार्टरबॅक जॉनी युनायटस १९७३ मध्ये सॅन डिएगोच्या संघाकडे जाऊन जे काही खेळला, ते आज कोण आठवते? बाल्टिमोरच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. रॉजर्सबद्दलही आता हीच चर्चा चालते. २०२३ मध्ये जेट्सकडून चौथ्याच चालीत त्याचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, तरी एकेचाळिसाव्या वर्षी तो पिट्सबर्गकडे गेला. फार्व्हची जागा घेणारा तो, आणि फार्व्हच्याच वाटेने निघाला, याची गंमत विस्कॉन्सिनमध्ये कोणाला सांगावी लागत नाही.

पॅकर्सनी २०१५ मध्ये ४ क्रमांक कायमचा निवृत्त केला. नोव्हेंबरच्या पावसात लँबो फील्डवर तो आकडा उघडा झाला तेव्हा माझ्या शेजाऱ्यांनी मला छायाचित्र पाठवले होते. जर्सी तीच होती, चिकटपट्टी काढल्यावर राहिलेल्या चिकट डागांसकट. पुढच्याच वर्षी फार्व्हची व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. आपल्या लेखात २००९ च्या हंगामाचा साधा उल्लेखही नाही. तो वाचकांसमोर यावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे