मोठ्यांच्या एडीएचडीतला ‘एवढ्याशा आवाजाचा’ राग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. दोन खोल्यांच्या घरात मालिका चालू आहे, ओट्यावर मिक्सर फिरतोय, मुलांचं पाठांतर चाललंय, खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्सचं गाणं वाजवतेय. नुकत्याच कामावरून आलेल्या माणसाला कुणीतरी विचारतं, ‘उद्या डब्याला काय देऊ?’ आणि तो एकदम ओरडतो, दार आपटतो, नाहीतर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. घरातले म्हणतात, ‘एवढ्याशा गोष्टीवर एवढं?’ एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची मेंदूची अवस्था) असलेल्या प्रौढांच्या घरांत हे नेहमीचं आहे. आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे, म्हणून या लोकांबरोबर काम करतो. त्यांच्या घरच्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे की त्या शेवटच्या प्रश्नापाशी अडू नका, त्याच्या आधीचे तीन तास बघा.

पंखा लावला की पाच-दहा मिनिटांत त्याचा आवाज आपल्या खिजगणतीतून जातो, कारण बिनकामाची संवेदना मेंदू मागे सारतो. एडीएचडीत हे मागे सारणं अनेकांना नीट जमत नाही. पंखा, ट्यूबलाइट, कॉलरचं लेबल, शेजारच्या टेबलावरचं बोलणं हे सगळं एकाच दर्जाने आत येत राहतं आणि ते मुद्दाम, जोर लावून बाजूला ठेवावं लागतं. हा जोर दिवसभर पुरत नाही. म्हणून सकाळी दहा वाजता सहज चालून जाणारी कुकरची शिट्टी रात्री आठला असह्य होते. शिट्टी तीच असते, शिल्लक संपलेली असते.

डीएसएम-५ या २०१३च्या निदान-नियमावलीत संवेदनांची अतितीव्रता ऑटिझमच्या निकषांत आहे, एडीएचडीच्या निकषांत नाही. त्यामुळे एडीएचडीची तपासणी करताना डॉक्टर हा प्रश्न विचारतीलच असं नाही, आपणहून सांगावं लागतं. आणि आवाज-उजेड सहन न होण्याचं कारण दरवेळी एडीएचडीच असतं असंही नाही. अर्धशिशी, थायरॉइड, चिंताविकार, झोपेची तूट, कानाचे आजार यांतही हे होतं. त्रास अलीकडेच, काही आठवड्यांत सुरू झाला असेल तर आधी ही तपासणी करून घ्यावी. एडीएचडीचा धागा बहुधा लहानपणापर्यंत मागे जातो.

पहिलं काम सात दिवसांच्या नोंदीचं. वहीत फार लिहायला सांगितलं तर एडीएचडी असलेला माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो, म्हणून फोनवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवावा, वीस सेकंदांचा. किती वाजले, कुठे होतो, काय खुपलं, शेवटचं खाणं कधी आणि रात्री झोप किती, एवढंच. आठवड्याने ऐकलं की एक ठरावीक वेळ आणि दोन-तीन ठरावीक गोष्टी वर येतात. शिवाय स्फोटाच्या आधी शरीर काय करतं तेही कळतं. कुणाचा जबडा आवळला जातो, कुणी तेच वाक्य तीनदा वाचतो, कुणाला समोरचा बोलतोय ते ऐकू येतं पण अर्थ लागत नाही. ही खूण दिसली की हालचाल करायची. ‘अजून थोडं ओढू’ म्हणून थांबणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहितो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग सगळ्यात स्वस्त, पण बहुतेक लोक ते चुकीचे घालतात आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणून फेकून देतात. हात धुवायचे. प्लग बोटांत वळून जितका बारीक होईल तितका करायचा, चपटा नाही, वातीसारखा गोल. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड धरून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. प्लग आत सरकवून बोटाने ३० सेकंद दाबून धरायचा, तो आत फुगेपर्यंत. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. मग दोन्ही कानांवर तळहात दाबून बघा. बाहेरचा आवाज अजून बराच कमी झाला तर प्लग अर्धवट बसला आहे, काढून पुन्हा घाला. पाकिटावर ३० डेसिबलचा आकडा असला तरी तो प्रयोगशाळेतला असतो, रोजच्या वापरात निम्मा धरून चाला. तेवढाही पुष्कळ होतो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर प्लग अजिबात नाही.

बोलणं ऐकू यायला हवं पण धार कमी हवी, अशा ठिकाणी संगीतकार वापरतात तसले फिल्टरचे प्लग बरे. लग्नाचा हॉल, शाळेचं स्नेहसंमेलन, हॉटेल यांसाठी ते योग्य. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचं काम वेगळं आहे. एसी, बस, विमान, पंखा यांची एकसुरी खालची घरघर ते छान कापतात. पण हॉर्न, भांडं पडणं, माणसांचं बोलणं त्यांतून बरंचसं येतंच. महागडे हेडफोन घेऊन ऑफिसातल्या गप्पा थांबल्या नाहीत म्हणून निराश होणारे खूप आहेत. गप्पांसाठी हेडफोनमध्ये हळू आवाजात पावसाचा किंवा धबधब्याचा एकसारखा आवाज लावला तर शब्द त्यात विरतात.

दोन ठिकाणी सावध राहायचं. रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना, रेल्वेच्या फलाटाच्या कडेला कान बंद ठेवू नका. लोकलमध्ये चढून जागा धरली की घाला, उतरण्याच्या आधीच्या स्टेशनला काढा. आणि शांत घरात दिवसभर प्लग घालून बसू नका. आत येणारा आवाज सतत कमी केला की श्रवणयंत्रणा आपली संवेदनशीलता वाढवते आणि साधे आवाजही जास्त टोचू लागतात. गोंगाटात घालायचे, गोंगाट संपला की काढायचे.

स्वयंपाकघरात खर्चाविना बरंच होतं. मिक्सरखाली रबरी मॅट किंवा चौपदरी टॉवेल घाला, कारण ग्रॅनाइटचा ओटा त्याची थरथर मोठी करून भिंतीत पोचवतो. टॉवेल खालीच, मिक्सरवर झाकू नका. हवा अडली की मोटर तापते. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजा. आत दाब टिकलेला असतो, डाळ तशीच शिजते. स्टीलच्या भांड्यांच्या टोपलीत तळाला जुना पंचा अंथरला तर खणखणाट जातो. मिक्सर लावण्याआधी ‘लावते हं’ एवढे दोन शब्द उच्चारले तरी मोठा फरक पडतो. आवाज येणार हे ठाऊक असलं की त्याचा दणका कमी बसतो, आणि ज्याला नको असेल त्याला दुसऱ्या खोलीत जाता येतं. खोली घुमत असेल तर टाइल्सवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि एका भिंतीवर गोधडी टांगून पाहा.

उजेडाचं थोडक्यात. जुन्या चोकची ट्यूब आणि स्वस्तातले काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने जड होतं. मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा दिव्यावर धरा. पट्टे धावताना किंवा दिवा उघडमीट करताना दिसला तर तो बदला. संध्याकाळी छतावरचा पांढराफेक ६५०० केल्विनचा दिवा बंद करून भिंतीकडे तोंड केलेला २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावावा.

कपड्यांची लेबलं नुसती कापू नयेत, उरलेली कड जास्त टोचते. शिवण उसवून काढावीत. उदबत्ती, रूम फ्रेशनर, फिनेल हे तीन वास एकाच घरात एकाच सकाळी असू नयेत, इतकंच.

आतून येणाऱ्या संवेदनांकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि आमच्या मते निम्मा प्रश्न तिथे आहे. एडीएचडीत भूक, तहान, लघवीची जाणीव पुष्कळांना उशिरा होते. चार तास काही न खाता काम केलेला माणूस भुकेने कावलेला असतो आणि दोष शेजारच्या हसण्याला देतो. म्हणून जाणिवेवर विसंबू नये, घड्याळावर विसंबावं. दर तीन तासांनी खाणं, दर दोन तासांनी पाणी आणि बाथरूम, गजर लावून. मेथिलफेनिडेटसारखं एडीएचडीचं औषध चालू असेल तर ते उतरण्याच्या सुमारास काहींना तासभर सगळंच जास्त टोचतं. ही वेळ अनेकदा घरी पोचण्याच्या वेळेशीच जुळते. डोस स्वतः वाढवू-घटवू नका. नोंदीतल्या वेळा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, औषधाची वेळ किंवा प्रकार बदलता येतो.

कामावरून घरी आल्यावर पहिली २० मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांनी मिळून करावा. ती २० मिनिटं रील्समध्ये घालवली तर विश्रांती मिळत नाही, दर काही सेकंदांनी नवा आवाज आणि नवं चित्र म्हणजे उलट भर. दिवा मंद, फोन दुसऱ्या खोलीत, पाठ टेकून बसणं किंवा आडवं होणं. जड गोधडी अंगावर घेतल्याने काहींना बरं वाटतं. वजन शरीराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ किलो. दमा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि भडका उडालाच तर? आधी जागा सोडा, बाथरूम किंवा जिना चालेल. थंड पाण्यात पिळलेला नॅपकिन डोळे-गालांवर ३० सेकंद धरा, त्याने नाडी मंदावते. मग भिंतीला दोन्ही तळहात लावून १० सेकंद जोरात रेटा, सोडा, असं पाच वेळा. स्नायूंवर पडणारा असा जोर शांत करणारा असतो. मूठभर फुटाणे चावून खाण्याचाही काहींना असाच उपयोग होतो. चार आकडे मोजत श्वास घ्या, आठ मोजत सोडा, दहा वेळा. घरच्यांनी त्या वेळी ‘काय झालं? सांग ना, काय झालं?’ असं विचारत मागे मागे जाऊ नये. प्रश्न हीदेखील आत येणारी आणखी एक गोष्ट असते. ‘मी बाहेर आहे’ एवढं सांगून थांबावं. कुणाला काय लागलं, कोण काय बोललं हे नंतर जरूर बोला, कारण ओरडणं ज्याच्या वाट्याला आलं त्याचं दुखणं खोटं नसतं. फक्त ते बोलणं जेवणानंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

ऑफिसबद्दल एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार नोंदलेले आहेत, त्यांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे केवळ या निदानावर प्रमाणपत्र आणि त्याआधारे सवलत मागणं अवघड जातं. ही उणीव दूर व्हायला हवी असं आम्हाला ठामपणे वाटतं. तोवर वरिष्ठांना ईमेल लिहावा, पण त्यात आजाराचं वर्णन कमी आणि मागणी मोजकी. जागा दरवाजा, प्रिंटर आणि पँट्रीपासून दूर, पाठीमागे भिंत. रोज सकाळी दीड तास हेडफोन लावून काम करण्याची मुभा. तोंडी सांगितलेल्या कामाची एक ओळ लेखी. डोक्यावरचा एक दिवा बंद. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत, आणि चारपैकी दोन मिळाल्या तरी संध्याकाळ बदलते.

मदत कुणाकडे मागायची? निदान आणि औषध मनोविकारतज्ज्ञांकडे, संवेदनांचं रोजचं नियोजन ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. तरीही आजही लोकांना वाटतं की ही थेरपी लहान मुलांसाठीच असते. पहिल्या भेटीत ‘प्रौढांसाठीची सेन्सरी प्रोफाइल भरून घेता का?’ असं विचारा, ६० प्रश्नांची ही प्रश्नावली असते. थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे ना, हेही विचारायला संकोच नको. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

शेवटी सणांबद्दल मंडळांना आणि सोसायट्यांना एक विनंती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. नियम पाळावेतच. पण त्याखेरीज एक गोष्ट परवानगीशिवाय आणि खर्चाशिवाय करता येईल. आरती किती वाजता, ढोल-ताशाचा सराव कोणत्या दिवशी किती ते किती, मिरवणूक कोणत्या गल्लीतून केव्हा जाणार, याचा एक कागद आठवडाभर आधी जिन्याखालच्या फलकावर आणि सोसायटीच्या ग्रुपवर लावावा. वेळ माहीत असली की ज्याला झेपत नाही तो प्लग घालेल, जेवण लवकर उरकेल किंवा तेवढा वेळ बहिणीकडे जाऊन येईल, आणि आरतीला उभं राहण्याची शक्ती त्याच्यात उरेल.

आपले,
प्रौढ एडीएचडीसाठी काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट,
पुणे