कपाटाची किल्ली

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगितलंस, की तुझ्या नव्या शाळेत विज्ञान साहित्याचं कपाट आहे, पण त्याची किल्ली कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. आधीचे गुरुजी बदलून गेले, त्यांनी चार्ज देताना ती दिली की नाही यावरून दोन मतं आहेत. एवढं सांगून तू विषय बदललास. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र ते कपाट रात्रभर हललं नाही. फोनवर एवढं सगळं बोलणं झालं नसतं, म्हणून लिहायला बसले.

माझंही असंच एक कपाट होतं, आणि त्याची किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची. दुसऱ्या शाळेत बदली झाली तेव्हा डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, माझ्या नावावर आलं. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि थर्माकोलच्या खोक्यातला एक कोरा सूक्ष्मदर्शक. फुटलं-मोडलं तर भरून द्यावं लागेल, असं पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं. घरी तू लहान, बाबांची नोकरी कच्ची. मी घाबरले आणि कुलूप लावलं. वर्षातून एकदा, तपासणीच्या आदल्या दिवशी, सगळं काढून पुसायचं आणि परत आत ठेवायचं. अशाच एका दिवशी सातवीतला एक मुलगा सूक्ष्मदर्शक पुसता पुसता नळीला डोळा लावून म्हणाला, "बाई, यातून खरंच दिसतं का?" मी म्हटलं, "उद्या साहेब येऊन गेले की दाखवते." साहेब आले, गेले, वार्षिक परीक्षा झाली आणि तो मुलगा शाळा सोडून गेला. दाखवायचं राहून गेलं.

पुढे धीर करून मी तो बाहेर काढला तेव्हा चार पावसाळे उलटले होते. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी बुरशी पसरली होती. पुसली, तरी भिंगाच्या आतपर्यंत गेलेली ती निघाली नाही. एकाही मुलाने न वापरता ते यंत्र वाया गेलं. रजिस्टरात मात्र "सुस्थितीत" असा शेरा होता, आणि खाली माझी सही. त्याची बोच अजून आहे.

म्हणून पहिलं काम हे कर. मुख्याध्यापकांशी बोलून, दोन शिक्षकांना साक्षीला घेऊन कुलूप उघडून घे, लागलं तर तोडून. काय निघालं त्याची यादी कर, सर्वांच्या सह्या घे. वापरताना काही फुटलं तर तारीख आणि कारण घालून त्याच दिवशी नोंद करत जा. अशी नोंद असली की पुढे फारसा प्रश्न येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कपाट रिकामं निघालं तरी हातपाय गाळू नकोस. तू दुसरीत असताना सुट्टी असली की माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचीस, ते आठवतं का? सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या तुकड्यांत काड्यापेटीच्या काड्या खोचायच्या, आणि त्रिकोण, चौकोन करायचे. ही युक्ती अरविंद गुप्तांची. ते आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतून, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून, वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी हे शोधलं. तो कार्यक्रम 1972 मध्ये 16 सरकारी शाळांत सुरू झाला होता. पुस्तक पाठ करायचं नाही, प्रयोग करून आपणच निष्कर्ष लिहायचा, असं त्याचं सूत्र. तीस वर्षं चालून 2002 मध्ये तो सरकारी आदेशाने बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर त्या काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की लगेच कलतो. त्रिकोण काही केल्या हलत नाही. माझ्या वर्गात एका पोराने दोन्ही हातांत धरून बराच वेळ दाबून पाहिला, मग वर बघत एकदम ओरडला, "बाई, म्हणून पत्र्याखालची कैची तिकोनी असते!" सगळा वर्ग मान वर करून छपराकडे बघायला लागला. त्या दिवशी मी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम करत होते. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म मराठीतही आहेत, फुकट बघता येतात. रेंज असेल तिथे मोबाईलवर उतरवून घे आणि वर्गात दाखव. दाखवून झाल्यावर मात्र मोबाईल बाजूला ठेव, आणि काड्या पोरांच्या हातात दे.

आता योजनांविषयी. परिपत्रकांत हल्ली "स्टेम" लिहून येतं, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित; आमच्या वेळी नुसतं गणित-विज्ञान म्हणत. मुलांसाठी पैसा आणि संधी आहेत, आमच्या काळापेक्षा पुष्कळ आहेत. पण ते परिपत्रक ग्रुपवर येतं, खाली पन्नास "गुड मॉर्निंग" पडतात आणि ते वर निघून जातं. वाडीवरच्या आईबापांपर्यंत ते दुसऱ्या कुणाकडून पोचत नाही. पोचवणारी तूच.

इन्स्पायर-मानक हे नाव तू ऐकलं असशील. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ही योजना चालवतात. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेने पोर्टलवर पाठवायच्या. कल्पना निवडली गेली तर मॉडेल करायला 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात, मग जिल्हा, राज्य, देश अशी प्रदर्शनं. यात आपण शिक्षकच मोठी चूक करतो. शेवटची तारीख जवळ आली की नेटवरून काहीतरी उतरवून मुलाच्या नावावर टाकतो. आंधळ्यांसाठी वाजणारी काठी, आपोआप उघडणारी कचरापेटी. तपासणाऱ्यांनी त्या शेकड्यांनी पाहिलेल्या असतात, त्या बाजूलाच पडणार. आणि समजा निवडली गेलीच, तर ते पोर परीक्षकांपुढे उभं राहून दुसऱ्याचं बोलेल. हे करू नकोस.

त्याऐवजी मुलांना एक साधा प्रश्न विचार: घरात कुणाचा कुठे त्रास होतो? माझ्या एका मुलीने लिहून आणलं होतं, की शेळ्या खाली टाकलेला पाला तुडवतात आणि तुडवलेला खात नाहीत, निम्मा वाया जातो, आणि आजीला वाकून तो गोळा करावा लागतो. तिची कल्पना अशी, की पाला जाळीत घालून कप्पीने वर टांगायचा आणि शेळ्या खातील तसा खाली सोडायचा. कप्पी सहावीच्या पोरीला कुठून सुचली? विहिरीवरच्या रहाटावरून. तिला एक शब्दही पढवावा लागला नाही. परीक्षकांनी विचारलं, शेळ्या भांडल्या तर? तिने लगेच सांगितलं, दोन जाळ्या.

एक गोष्ट आधीच करून ठेव. मुलांची बँक खाती उघडून घे, आणि खात्यावरचं नाव व आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते स्वतः बघ. आमच्याकडे एका मुलाची निवड झाली आणि नावातल्या एका वेलांटीपायी पैसे अडकले. बाप मजुरी बुडवून चार वेळा खेटे घालून आला. पैसे आले तोवर प्रदर्शन होऊन गेलं होतं.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासूनची. 10 ते 17 वर्षांची मुलं गावातलाच एक प्रश्न घेऊन महिनोन्महिने मोजमाप करतात आणि मांडतात. विहिरीत दोरी सोडून दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजायची, वहीत लिहायची, आलेख काढायचा, एवढ्यातूनही चांगला प्रकल्प उभा राहतो. दोरी आणि दगड तर तुमच्याकडे आहेतच.

आठवीच्या मुलांसाठी मी तुझ्याकडे हट्टच धरते. एनएमएमएसचे, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म. ही विज्ञानाची योजना नाही, पण विज्ञान शाखेपर्यंत पोर पोचायचं तर ते आधी नववीत गेलं पाहिजे. तुमची शाळा आठवीला संपते, हायस्कूल लांब, आणि तिथेच मुली गळतात, हे तुला दोन महिन्यांतच दिसलं असेल. या परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, चार वर्षांचे 48,000. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको, सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात 5 टक्के सूट. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे. बुद्धिमत्ता चाचणीचा एक पेपर आणि शालेय विषयांचा एक, दोन्ही 90-90 गुणांचे. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो, तेव्हा जूनमध्येच पालकसभेत सांगून टाक. आणि मुली हायस्कूलला गेल्यावरही विचारत राहा, कारण दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो राहिला की मिळालेली शिष्यवृत्ती हातची जाते. नव्या शाळेत त्यांची आठवण कोण ठेवणार?

पाचवीच्या मुलांना नवोदयच्या, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळांच्या, प्रवेश परीक्षेला बसव. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी आहेत. नववीत गेल्यावर इस्रोचा युविका कार्यक्रम असतो, 2019 पासून सुरू झालेला, उन्हाळ्यात इस्रोच्या केंद्रावर राहून शिकायचं. निवडीत आठवीचे गुण धरतात, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्याला वेगळं वजन मिळतं. म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुलांच्या आडगावात असण्याचा इथे उपयोग आहे. मुलींना विज्ञानाकडे वळवायला नवोदय विद्यालयांमार्फत विज्ञान ज्योती हा कार्यक्रम चालतो, नववी ते बारावीसाठी.

अटल टिंकरिंग लॅबचं तू विचारलं होतंस. शाळेतच मुलांनी स्वतः वस्तू, यंत्रं बनवून बघायच्या या प्रयोगशाळा. 2016 पासून नीती आयोग त्या देतोय, एका शाळेला 20 लाखांपर्यंत. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत 50,000 लॅब जाहीर झाल्या. मला मनापासून आनंद झाला. पण तुमच्या शाळेचा नंबर लागेपर्यंत वाट बघत बसू नकोस. तालुक्याच्या हायस्कुलात लॅब असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन जा आणि महिन्यातून एक दिवस मुलांना नेऊ द्या म्हणून विनंती कर. आणि तिथे थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला दिसला, तर कव्हर काढायला सांग. माझ्या सूक्ष्मदर्शकावरून सांगते आहे.

आता भाषेचं. तू म्हणालीस मुलं गप्प बसतात, विज्ञानात कच्ची आहेत. मला नाही वाटत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम केलं. व्ही. जी. कुलकर्णी त्या केंद्राचे पहिले संचालक. त्यांना आढळलं, की मुलांना विज्ञान अडत नाही, पाठ्यपुस्तकाची भाषा अडते. ती सोपी केली की तीच मुलं पुढे सरकतात. तुझ्या वाडीवरची मुलं घरी तिसरीच बोली बोलतात. "बाष्पीभवन" शब्दाने सुरुवात केलीस तर ती गप्पच बसणार. ओलं फडकं दोरीवर टाक आणि विचार, यातलं पाणी कुठे गेलं? माझ्या वर्गात पहिलं उत्तर आलं, "वाळलं." मी विचारलं, वाळलं म्हणजे गेलं कुठे? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "वाऱ्याने नेलं." आता या क्षणाला फळ्यावर "बाष्पीभवन" लिही. तिच्या वाऱ्याला जोडून तो शब्द राहील. आणि तू त्यांची बोली शिक. चुकलीस तर पोरं खुदखुदतील, खुदखुदू देत. तुझ्यापुढे चुकायची त्यांची भीती जाईल.

सगळं एका वर्षात करायला जाऊ नकोस. माहिती भरणं, ऑनलाइन हजेरी, सर्वेक्षण यांत तुझा किती वेळ जातो ते मला माहीत आहे. यंदा कपाट उघड, इन्स्पायरच्या कल्पना खऱ्या मुलांच्या पाठव आणि आठवीतल्या एकूण एक पात्र मुलाचा फॉर्म भर. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. जेवणाची हेळसांड करू नकोस. बाबा रोज विचारतात.

तुझी,
आई

ता. क. पार्सल पाठवलं आहे. त्यात व्हॉल्व्हच्या नळीचं वेटोळं, काड्यापेट्यांचा पुडा आणि माझं हातभिंग आहे. भिंगावर एका बाजूला ओरखडा आहे, पण मुंगीचे पाय त्यातून स्वच्छ दिसतात. ते कपाटात ठेवू नकोस, खिडकीत दोरीने बांधून ठेव.