मेटल डिटेक्टरवाल्या काकांना, आईच्या वेढण्याबद्दल

काका, नमस्कार! तुमचं नाव इथे टाकत नाहीये कारण तुम्हीच दम भरलाय, नाहीतर म्हणे मिशिगनमधले सगळे मराठी लोक हरवलेले दागिने शोधायला तुम्हालाच बोलावतील. पण आभार चारचौघांत मानायचेच होते, त्याला तुमचा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आई सांगलीहून आलेली, आम्ही मैत्रिणीच्या तळ्याकाठच्या कॉटेजला गेलेलो, जून असला तरी पाणी गारठलेलं आणि आई नातवाबरोबर कमरेएवढ्या पाण्यात बॉल खेळत होती. बाहेर आली तर बोटात वेढणं, म्हणजे सोन्याच्या तारेची गुंडाळलेली अंगठी, नाही. गार पाण्यात बोटं आकसतात, त्यात सनस्क्रीन लावलेलं, मग अंगठी कधी सटकली ते कळतसुद्धा नाही म्हणे. वेढणं माझ्या आजीचं होतं. आई एक शब्द बोलली नाही, पण रात्री जेवली पण नाही.

कोणीतरी तुमचा नंबर दिला, ओळख ना पाळख, आणि तुमचं पहिलं वाक्य काय तर "आता कोणीही पाण्यात उतरायचं नाही!" आम्ही सगळे पायांनी चाचपडत शोधायला निघालेलो, आणि त्यानेच ती अंगठी वाळूत आणखी खोल दाबली गेली असती. मग तुम्ही विचारलंत किती कॅरेट, कशा घडणीची. 22 कॅरेट ऐकून खूश झालात, कारण इथे जास्त चालणाऱ्या 14 कॅरेटपेक्षा त्याचा सिग्नल चांगला येतो, पण वेढणं म्हटल्यावर जरा गप्पच झालात. तेव्हा कळलं नव्हतं, नंतर तुम्ही आईला नीट समजावलंत की डिटेक्टरमुळे धातूत करंट फिरतो, बंद गोल असेल तर तो मस्त फिरतो आणि मशीन ओरडतं, पण वेढण्याची टोकं मोकळी, नुसती तार गुंडाळलेली, त्यामुळे तेवढंच सोनं असून आवाज मात्र बारीक. आमच्या सोनाराला हे सांगितलं तर तो खुर्चीतून पडेल :)

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते आधी कॉटेजच्या मालकिणीची परवानगी घेतलीत, मग आमचे फोन मागितलेत. फोटोत आईच्या मागे डॉकचा कोपरा आणि एक झाड कुठल्या रेषेत येतंय ते बघून जागा ठरवलीत, एका फोटोत हातात वेढणं दिसतंय आणि नंतरच्या एकात नाही, म्हणजे दोन्हीच्या मधल्या पट्ट्यातच पडलं असणार. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि घरात दोन इंजिनिअर आहेत.

पण मला खरे आभार मानायचेत ते कचऱ्याबद्दल. दोऱ्या बांधून पट्टे पाडलेत आणि एकेका पट्ट्यात जे वाजेल ते लांब दांड्याच्या स्कूपने उपसत राहिलात. कॅन उघडायच्या टॅब, फॉइल, जुन्या कॅनच्या ओढायच्या रिंगा, परत टॅब. नवरा म्हणाला मशीनला सांगता येत नाही का हे सोडून दे म्हणून, तर तुम्ही म्हणालात येतं की, पण अ‍ॅल्युमिनियमची टॅब आणि सोन्याची अंगठी स्क्रीनवर जवळजवळ एकाच आकड्याला दिसतात, टॅब गाळली तर सोनंही गाळलं. म्हणून टॅब गाळणारी माणसं चांदीची नाणी खिशात घालून घरी जातात आणि सोनं तळाशीच राहतं.

नाणी तुम्हालाही मिळालीच. गव्हाच्या लोंब्यांचा पेनी (एक सेंटचं नाणं) आणि 1944 चा डाईम (दहा सेंटचं), काळवंडलेला पण 90 टक्के चांदीचा, 1964 नंतर डाईममधली चांदी गेली म्हणालात. आणि तो मालकिणीच्या हातात ठेवलात! आई लगेच विचारती झाली की आमच्या कृष्णेच्या घाटावर येता का, पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पैसे काढतात तिथे. तुम्ही हसून म्हणालात लोहचुंबकाला हल्लीची स्टीलची नाणी चिकटतात हो, चांदी-सोनं नाही, आणि आपल्याकडे 1878 चा कायदा अजून आहे, जुना ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. आईचा उत्साह तिथेच मावळला.

दुपारी कधीतरी तुम्ही स्कूप हलवलात, वाळू गळून गेली आणि खाली चिकणमातीचा गोळा उरला, त्यात ते पिवळं टोक. सोनं जड, वाळूतून खाली उतरतं आणि कडक थर लागला की थांबतं, म्हणून तुम्ही एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा खणत होतात होय! आई किंचाळली ती पलीकडच्या डॉकवर ऐकू गेली असेल.

पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचेही नाही. ते चालणार नाही काका. सांगलीहून भडंगाचा मोठा डबा निघालाय, शनिवारी घरी आहात ना ते कळवा, आणि काकूंना सांगा संध्याकाळचा स्वयंपाक करू नका, तो पण आम्हीच आणतोय.