विषय: मांडीतला जुना रॉड काढून गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची कॅशलेस मंजुरी नाकारल्याबाबत

प्रति, तक्रार निवारण अधिकारी, आरोग्य विमा विभाग

तुमच्या कॉल सेंटरशी आत्ताच बोलून फोन ठेवला आहे, म्हणून लिहिते. फाइल तुमच्याकडे आहेच.

माझ्या आईच्या उजव्या मांडीच्या हाडात 1998 च्या अपघातानंतर घातलेला रॉड आहे. 2011 ला पॉलिसी घेताना फॉर्मवर तो लिहून दिला होता. हप्ता एकदाही चुकलेला नाही. आता त्याच पायाचा गुडघा पार झिजला आहे.

आज तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, पेशंटच्या पायात ऑलरेडी इम्प्लांट दिसतंय. मग दुसरं कशाला?" मी म्हटलं, ते मांडीत आहे, सांधा गुडघ्याचा बदलायचाय. पलीकडे कीबोर्डची टकटक. मग म्हणाला, "मग जुनं तसंच ठेवून करा ना!" जणू जुन्या हुकालाच नवा पंखा लटकवायचा आहे. सर्जनचं पत्र वाचलंत का, असं विचारलं तर म्हणे, "ते मेडिकल टीम बघते." मेडिकल टीमला द्या म्हटलं. "त्यांचा नंबर नसतो मॅडम." आणि वर, "आणखी काही मदत करू शकतो का?" आणखी?

त्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. मांडीच्या हाडाचा खालचा काप नेमक्या कोनात यावा म्हणून हाडाच्या पोकळीत सळई घालून माप घेतात. आईच्या हाडात ती जागा रॉडने अडवली आहे. म्हणजे एक तर रॉड काढा, नाहीतर कॉम्प्युटर नेव्हिगेशनने बाहेरून माप घ्या. रॉड काढणं तुमच्या मते 'सध्याच्या आजाराशी असंबंधित'. नेव्हिगेशनचा खर्च 'मर्यादेबाहेर'. मग सर्जनने काय अंदाजपंचे करवत चालवायची? जुन्या धातूभोवती जंतुसंसर्ग दडलेला नाही ना, हे पाहायला केलेल्या सीआरपी आणि ईएसआर चाचण्याही तुम्ही असंबंधित ठरवल्यात.

रुग्णालयं दर फुगवतात, हा तुमचा दुसरा सूर. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने 2017 मध्येच मर्यादा घातली आहे. विमा कंपनीला हे मी सांगायचं?

कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम आहे. तुम्ही शंकांवर शंका काढत बसलात आणि ऑपरेशनची तारीख गेली. आई लालबागच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकली आहे. आणि हो, रॉड आम्ही 2011 लाच लिहून दिला होता. पुन्हा सांगते, कारण तुमच्याकडे दर वेळी नवा माणूस फोन उचलतो.

रॉड काढण्यासह संपूर्ण शस्त्रक्रियेला मंजुरी द्या. नाहीतर कोणत्या कलमाखाली नाकारता ते डॉक्टरच्या सहीनिशी लेखी द्या. हीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाकते आहे. तिथेही तुम्ही टाळाटाळ केलीत तर सांताक्रूझला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, लालबागहून फार लांब नाही.

कृपया फोन करू नका. ईमेलवर उत्तर द्या.

— पॉलिसीधारकाची मुलगी