काका, शाल-श्रीफळ नको म्हणालात, म्हणून हे पत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गणपतीत आरतीनंतर तुमचा छोटासा सत्कार करायचं आम्ही ठरवलं होतं. शाल आणली होती, नारळ आणला होता, चार शब्द कोण बोलणार यावरून दोघांचं भांडणही होऊन गेलं होतं. तुम्हाला कुणकुण लागली आणि तुम्ही तीन दिवस मंडपाकडे फिरकलाच नाहीत. ‘गुडघा दुखतोय’ असा निरोप आला. त्याच संध्याकाळी तोच गुडघा टेकून तुम्ही शाळेसमोरच्या फूटपाथची उंची मोजत होतात, हे पोहेवाल्या भियाने मला सांगितलं. तेव्हा आता हे सगळ्यांना वाचता येईल असं पत्र. याला तुम्ही गुडघ्याचं कारण सांगू शकणार नाही.

सुरुवात आईपासून झाली, हे तुम्हाला माहीत आहे, पण इतरांसाठी सांगते. इंदुरातल्या आमच्या चौकात दोन वर्षांपूर्वी एका मोटारसायकलीचं हँडल आईच्या कोपराला लागलं आणि ती पडली. मनगटाचं हाड मोडलं. मुलगा थांबला, माफी मागितली, रिक्षात घालून आम्हाला दवाखान्यातही घेऊन आला, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना. मग मी राग सिग्नलवर काढला. फोनवरून तक्रार केली. आठ दिवसांनी मेसेज आला, तक्रारीचं निराकरण झालं. चौकात जाऊन पाहिलं तर सगळं होतं तसंच. पुन्हा तक्रार, पुन्हा निराकरण. चौथ्या वेळी मी ‘घोर लापरवाही’, ‘जनता में आक्रोश’ वगैरे घालून दीड पानी हिंदी अर्ज लिहिला आणि तो तुम्हाला दाखवायला आणला, कारण तुम्ही सडकांच्या खात्यात सबइंजिनियर होतात एवढं ऐकून होते.

तुम्ही अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलंत, “सिग्नल किती सेकंद हिरवा असतो?”

मला माहीत नव्हतं. रस्ता किती रुंद आहे? तेही नाही. आईला पलीकडे जायला किती वेळ लागतो? काका, तिच्याबरोबर पन्नास वर्षं राहून मला हे सांगता येईना.

मग तुम्ही आमच्या गल्लीत खडूने दहा मीटरच्या दोन रेघा मारल्यात आणि आईला म्हणालात, “वहिनी, भाजी आणायला निघाल्यासारखं चाला.” आई हातात पिशवी घेऊन चालली, कारण पिशवीशिवाय भाजीला कसं जायचं. सोळा सेकंद. चौकातला रस्ता एकवीस मीटर निघाला आणि पायी जाणाऱ्यांचा हिरवा अकरा सेकंदांचा. तुम्ही वहीत भागाकार केलात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे धडधाकट माणसालाही साडेसतरा सेकंद हवेत. आईला साडेतेहतीस. अकरा सेकंदांत ती सात मीटरसुद्धा जात नाही, आणि डिव्हायडर दहा मीटरवर. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा ती नेमकी गाड्यांच्या मधोमध उभी असते, रोज. माझ्या दीड पानात हे कुठेच नव्हतं.

काका, पहिले आभार त्या भागाकाराचे.

मग ते मोजणीचे शनिवार आले. तुम्ही, मी, कॉलेजातला तो उंच मुलगा, निवृत्त बाई आणि आमच्याकडे कामाला येणारी मावशी. मोजायची तुमची पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचली नसती. डाव्या खिशात चिंचोके, माणूस पलीकडे गेला की एक चिंचोका उजव्या खिशात. मान खाली घालून वहीत रेघा मारत बसलं की चार माणसं निसटतात, म्हणून. मोठ्यांसाठी चिंचोके आणि शाळकरी पोरांसाठी शेंगदाणे, हा मात्र तुमचा अंदाज चुकला. पहिल्या शनिवारची पोरांची सगळी आकडेवारी त्या उंच मुलाने दहा वाजेपर्यंत खाऊन टाकली. तुम्ही त्याला रागावला नाहीत, पुढच्या शनिवारी पुन्हा मोजायला लावलंत.

आणि मावशी. तिला मोजायला बसवायचं हे तुम्हालाच सुचलं. आम्ही तिला चहा आणायला सांगणारी माणसं. दिवसातून सहा वेळा तो रस्ता ओलांडणारी आमच्यात ती एकटीच. तासभर बसल्यावर ती म्हणाली, “झेब्रा तो बिजली के डब्बे पे जाके रुकता है, भैया.” आम्ही पाहिलं. खरंच, पांढरे पट्टे पलीकडे जाऊन थेट ट्रान्सफॉर्मरच्या जाळीला भिडत होते. म्हणून सगळे वीस पावलं अलीकडून, डिव्हायडरच्या तुटक्या जागेतून जात होते, आणि आम्ही इतके दिवस ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणत होतो. मी स्वतः म्हटलेलं आहे. त्या दिवसानंतर मी ते वाक्य गिळलं.

तुम्ही अर्ज लिहून दिलात तो एक पानाचा. वर चौकाचं चित्र, खाली तीन आकडे, त्याखाली तीन मागण्या. विशेषणं एकही नाही. मला तो फार बेचव वाटला. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९८ अ कलम मी शोधून काढलं होतं. रस्त्याची रचना किंवा देखभाल नियमांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला नाहीतर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. ते मला अगदी वर, ठळक अक्षरात हवं होतं. तुम्ही म्हणालात, “खिशात राहू दे. समोरचा माणूस पहिल्या ओळीत आरोपी झाला तर चित्र कशाला बघेल?” फूटपाथवर चालणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं, ते कात्रण मात्र तुम्ही स्वतःहून जोडलंत. खाली लाल पेनाने रेघ मारून. रिटायर्ड माणसालाही एखादी ठळक ओळ लागतेच की!

सिग्नल एका खात्याचा, डिव्हायडर दुसऱ्याचा, डबा तिसऱ्याचा. प्रत्येक टेबलावर ‘ये हमारा नहीं है’. तुम्ही एकाच अर्जाच्या तीन प्रती केल्यात आणि प्रत्येकीवर बाकी दोन कुणाकडे दिल्या ते लिहिलंत. मग मंगळवारची जनसुनवाई, साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात ती. एक मंगळवार, दोन मंगळवार, पाच. मी तिसऱ्याला कंटाळले होते, हे कबूल करते. रजा संपत होत्या. तुम्ही डब्यात पोहे आणि वर वेगळ्या पुडीत शेव घेऊन यायचात, शेव मऊ पडू नये म्हणून, आणि रांगेतल्या अनोळखी लोकांना त्यांचे अर्ज कसे लिहायचे ते सांगत बसायचात.

पाचव्या मंगळवारनंतर तो तरुण इंजिनियर साडेपाच वाजता चौकात आला. तुम्ही त्याला काहीच समजावलं नाहीत. आईला म्हणालात, “वहिनी, साहेबांना पलीकडे घेऊन जा.” आईने त्याचं कोपर धरलं. हिरवा झाला, दोघं निघाली. मी या काठावरून पाहत होते. सातव्या मीटरच्या आसपास दिवा लाल झाला, सिग्नल न बघता डावीकडे वळणारे फ्री लेफ्टवाले तर थांबलेच नव्हते, आणि तो मुलगा, तिशीचासुद्धा नसेल, आईच्या अंगावरून हात पुढे करून गाड्या थांबवत उभा राहिला. पलीकडे पोचल्यावर त्याने आपला शर्ट नीट केला. परत येताना म्हणाला, “माताजी रोज आती हैं क्या?” बस, एवढंच. महिन्याभरात हिरवा वीस सेकंदांचा झाला, पट्टे वीस पावलं अलीकडे आले, आणि डिव्हायडर कापून मध्ये दीड मीटरचा ओटा झाला. आता आई दोन हप्त्यांत रस्ता ओलांडते. पहिल्या हिरव्यात ओट्यापर्यंत, दुसऱ्यात पलीकडे. ओट्यावर उभी राहून ती भाजीवाल्याला लांबूनच मेथीचा भाव विचारते.

सगळं झालं असं नाही, आणि तुम्हाला खोटं कौतुक चालणार नाही. फूटपाथ अजून तसाच आहे. कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, तर आपल्याकडे एका दुकानापुढे ३१ निघाली. मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी, तर तिथे स्कूटर, कूलर आणि दुकानाची पाटी. सतराव्या सालापासून स्वच्छतेत पहिले आलेलो आपण, गुटख्याची पुडी खिशात घालून घरी नेतो, आणि त्याच फूटपाथवर गाडी चढवून ठेवतो. फ्री लेफ्टचं तर कुणी ऐकूनच घेत नाही. डावीकडची वाट मोकळी केली की शहर पुढे गेलं, असं आपल्याकडे ठरलेलंच आहे.

बीआरटीएसवरून तुमचं-माझं पटलेलं नाही, तेही इथे नोंदवून ठेवते. २०१३ साली ती बसची वेगळी वाट सुरू झाली तेव्हा मी स्कूटरवरून जाताना तिला शिव्या घालायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ती काढायला सांगितली तेव्हा मी पेढे मागितले. तुम्ही गप्प बसलात आणि दुसऱ्या दिवशी विचारलंत, एका बसमध्ये माणसं किती आणि एका कारमध्ये किती. पुन्हा तोच भागाकार. मला अजूनही वाटतं की ती वाट ओलांडणं हा पायी माणसाचा छळ होता. पण पेढे मागायला नको होते, हे खरं.

तुमच्याकडूनच मला गेडिस साहेब कळले. आयुष्य इंदुरात गेलं, पण होळकर दरबारासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला, हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रुंद रस्ते फोडू नका, अगदीच पडकं तेवढं काढा, मध्ये थोडी मोकळी जागा करा, असं ते सांगत होते. आणि दिवाळीच्या मिरवणुकीची ती गोष्ट! त्यांनी प्लेगचा भला मोठा उंदीर बनवला, आणि मिरवणूक नेहमीच्या वाटेने न नेता ज्या गल्ल्यांनी साफसफाई चांगली केली त्यांच्यातून नेली. ही गोष्ट तुम्ही जनसुनवाईच्या रांगेत सांगितलीत, आणि मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, आता रंगपंचमीची गेर, म्हणजे ती रंगांची मिरवणूक, ज्या गल्लीचा फूटपाथ मोकळा त्या गल्लीतून काढा, बघा दुकानांपुढचे ओटे कसे तुटतात. तुम्ही तेव्हा इतके हसलात की शिपायाने आपल्याला बाहेर उभं केलं. सूचना वाईट नव्हती. वर्षातला तो एक दिवस राजवाड्यापाशी सगळं शहर पायी असतं आणि गाडीवाला गल्लीत तोंड लपवून असतो.

मावशीने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ती आता तिच्या वस्तीतल्या नाक्यावर चिंचोके घेऊन बसते आणि बायकांना बसवते. आईने शाल ठेवून घेतली आहे. म्हणते, थंडीत मीच वापरीन, त्यांना कळवू नको. नारळाची बर्फी केली, ती शनिवारी मिळेल. तो सत्कार नाही, नुसती बर्फी आहे.

तुमची टेप माझ्याकडेच राहिली आहे. तिचे सुरुवातीचे आकडे पुसलेत, म्हणून मी दहापासून धरते आणि दहा वजा करते. परवा वजा करायला विसरले आणि ३१ चे ४१ लिहून बसले. अर्ज जाण्याआधी एकदा तपासून द्या. रविवारी सकाळी सातला शाळेमागच्या गल्लीत मोजायचं आहे, तो उंच मुलगाही येतोय. चिंचोके मी आणते. शेंगदाणे आणत नाही.

तुमची,
चौकापलीकडची