सूचना : ट्रान्समीटर व रिसीव्हर यांची जुळणी तपासण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा ट्रान्समीटर (हातातील नियंत्रक) आणि रिसीव्हर (विमानातील संदेश घेणारे उपकरण) दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, एवढ्यावरून ते एकमेकांशी जुळतील असे कृपया गृहीत धरू नये. वारंवारिता एक असली तरी संदेश पाठविण्याची पद्धत, म्हणजेच प्रोटोकॉल, बहुतेक उत्पादकांचा वेगळा असतो. उदाहरणार्थ, फुटाबा कंपनीचा फास्ट प्रोटोकॉलचा रिसीव्हर स्पेक्ट्रम कंपनीच्या डीएसएमएक्स प्रोटोकॉलच्या ट्रान्समीटरशी बाइंड होत नाही, म्हणजेच जोडला जात नाही. एकाच उत्पादकाची उपकरणेही जुळतीलच असे नाही. फ्लायस्काय कंपनीच्या एएफएचडीएस आणि एएफएचडीएस २ए या पद्धती परस्परांशी जुळत नाहीत, तर एक्सप्रेसएलआरएस या प्रोटोकॉलमध्ये दोन्हीकडच्या फर्मवेअरची (उपकरणातील अंतर्गत सॉफ्टवेअरची) मुख्य आवृत्ती एकच असावी लागते. म्हणून जुना रिसीव्हर विकत घेण्यापूर्वी नुसते नाव न पाहता प्रोटोकॉल आणि फर्मवेअर दोन्ही विचारून घ्यावेत. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलमुळे (ट्रान्समीटरला अनेक प्रोटोकॉल वापरू देणाऱ्या जोडभागामुळे) बरीच सोय होते, मात्र आपला प्रोटोकॉल त्याच्या यादीत आहे याची खात्री करावी.

व्होल्टेजकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. रिसीव्हरला चालणारे व्होल्टेज सर्वोला (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरला) चालेलच असे नसते : दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट देते, आणि ६ व्होल्टपर्यंतचा सर्वो त्यावर थेट जोडल्यास जळू शकतो.

रिसीव्हर नव्याने बाइंड केल्यावर फेलसेफ (संपर्क तुटल्यास विमानाने काय करावे याची सेटिंग) पुन्हा लावावा. प्रोपेलर काढून ट्रान्समीटर बंद करावा आणि थ्रॉटल (मोटरच्या वेगाचे नियंत्रण) खरोखर शून्यावर येतो का, हे स्वतः पाहावे. त्यानंतर रेंज चाचणी (संपर्क पुरेशा अंतरापर्यंत टिकतो का याची तपासणी) केल्याशिवाय विमान उडवू नये, ही आग्रहाची विनंती आहे.